अर्धी चांदी

रशियन साम्राज्याच्या नाण्यांचा नाद लागलेली माणसे बहुतेक रुबलपाशी जाऊन थांबतात. रुबल भरदार असतो, त्यावर पुष्कळदा झारचा चेहरा असतो, तळहातावर ठेवला की वजन कळते आणि घरी आलेल्या पाहुण्याला त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. माझे मन मात्र त्याच्या खालच्या पायरीवर रमते. पाच, दहा, पंधरा आणि वीस कोपेकची (शंभर कोपेक म्हणजे एक रुबल) चांदीची चिल्लर ही माझी आवड. एका बाजूला आपल्या गंडभेरुंडाची आठवण करून देणारा दोन डोक्यांचा गरुड, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि त्याखाली डहाळ्यांच्या वेढ्यात किंमत व साल, एवढाच मजकूर. झारचा चेहरा नाही की नाव नाही. 1867 ते 1917 या काळात दुसरा अलेक्झांडर, तिसरा अलेक्झांडर आणि दुसरा निकोलस असे तीन झार झाले, पण या चिल्लरीचा नमुना जवळजवळ तसाच राहिला. नाणे कोणाच्या कारकिर्दीतले हे केवळ सालावरून ओळखायचे.

पाच कोपेकचे नाणे 15 मिलिमीटर व्यासाचे आणि 0.9 ग्रॅम वजनाचे असते. पाकिटातून काढताना ते बोटांच्या चिमटीत नीट धरवत नाही, आणि टेबलावरून खाली पडले तर आवाजावरून शोधण्याची आशा सोडून द्यावी लागते. दहा कोपेक 1.8 ग्रॅमचे, पंधरा 2.7 ग्रॅमचे आणि वीस 3.6 ग्रॅमचे. प्रत्येक कोपेकमागे 0.18 ग्रॅम असा हा सरळ हिशेब आहे. तो इतका सरळ आहे की खरी गोम त्यात लपून जाते. या वजनापैकी चांदी फक्त निम्मी आहे. उरलेले निम्मे तांबे आहे.

नेहमी असे नव्हते. पीटर द ग्रेटने 1704 मध्ये शंभर कोपेकचा चांदीचा रुबल पाडला आणि दशमान पद्धतीचे चलन राज्यभर चालवणारा पहिला देश म्हणून रशियाची नोंद झाली. पुढे सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनच्या काळात, 1764 मध्ये, पंधरा आणि वीस कोपेकची चांदीची नाणी आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान नाण्यांतली चांदी मोठ्या नाण्यांच्याच कसाची, म्हणजे हजारात 868 भागांची, होती आणि रुबलमध्ये 18 ग्रॅम शुद्ध चांदी होती. त्यामुळे वीस कोपेकची पाच नाणी वितळवली काय आणि एक रुबल वितळवला काय, मुशीत उरणारी चांदी सारखीच भरे. ही प्रामाणिक व्यवस्था मोडली ती क्रिमियन युद्धानंतर. 1853 ते 1856 या काळातल्या त्या युद्धाने खजिना रिता झाला, कागदी रुबल भरमसाट वाढले, त्यांच्या बदल्यात चांदी मिळेनाशी झाली आणि जी चांदी बाजारात होती ती लोकांनी घरात नेली किंवा व्यापाऱ्यांनी देशाबाहेर. सरकारने मग लहान नाण्यांचा कस 1860 मध्ये 750 वर आणि 1867 मध्ये 500 वर आणला. शिवाय वजनही घटवले. पूर्वी वीस कोपेकच्या नाण्यात 3.6 ग्रॅम शुद्ध चांदी असे. 1867 नंतर तांब्यासकट अख्ख्या नाण्याचे वजन 3.6 ग्रॅम झाले.

म्हणजे वीस कोपेकच्या पाच नाण्यांत आता 9 ग्रॅम चांदी आणि रुबलमध्ये मात्र पूर्वीसारखी 18. उरलेले 9 ग्रॅम म्हणजे सरकारचा शब्द. रुबलच्या काठावर 1886 पासून ‘शुद्ध चांदी 4 झोलोत्निक 21 दोल्या’ असे जुन्या रशियन मापात कोरलेले असते, कारण त्याला लपवण्यासारखे काही नाही. चिल्लरीच्या काठावर नुसत्या उभ्या खाचा असतात. पोटात किती चांदी आहे याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. कायद्याला मात्र हा फरक पुरता ठाऊक होता. अर्थमंत्री विट्टे यांनी 1897 मध्ये रुबल सोन्याशी बांधल्यानंतर जे नियम झाले, त्यांत रुबलसारखी उंची चांदीची नाणी एका व्यवहारात 25 रुबलपर्यंत स्वीकारणे बंधनकारक होते, आणि अर्ध्या चांदीची ही चिल्लर फक्त 3 रुबलपर्यंत. त्यापुढे कोणी वीस कोपेकची मूठभर नाणी पुढे केली तर नको म्हणण्याचा हक्क समोरच्या माणसाला होता. ज्याने नाणे पाडले त्यानेच त्याच्यावरचा विश्वास तीन रुबलांवर आखडता घ्यावा, यातली गंमत मला कोणत्याही दुर्मीळ रुबलपेक्षा अधिक वाटते.

हा अर्धेपणा डोळ्यांनी पाहता येतो. टांकसाळीत नाण्याच्या कोऱ्या चकत्या छापण्यापूर्वी आम्लात बुडवत. वरच्या थरातले तांबे विरघळून जाई आणि पृष्ठभागावर बहुतांश चांदी राही, म्हणून नवे नाणे पांढरेशुभ्र दिसे. हातोहात फिरून तो पातळ थर झिजला की खालचा खरा धातू वर येतो. चांगल्या उजेडात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, वापरलेले वीस कोपेक तिरपे धरून पाहिले की गरुडाच्या छातीवर, मोठ्या मुकुटाच्या बाकावर आणि काठाच्या उंच कडेवर किंचित पिवळसर-तांबूस झाक दिसते, तर अक्षरांच्या कोपऱ्यात, जिथे बोटे पोचत नाहीत, तिथे जुना पांढरा रंग शिल्लक असतो. छातीवरच्या ढालीत घोड्यावरचा संत जॉर्ज कोरलेला आहे. दहा कोपेकवर तो तांदळाच्या दाण्याहून मोठा नाही, आणि झिजलेल्या नाण्यावर त्याचा नुसता उंचवटा राहतो. चांदीची भांडी टूथपावडरने घासून लख्ख करण्याची आपली सवय या नाण्यांच्या बाबतीत घातक आहे, कारण घासताना निघून जातो तो मळ नसून तोच पातळ थर असतो. बाजारात ‘चकाचक’ म्हणून मिळणारी पुष्कळशी नाणी अशीच सोलवटलेली असतात आणि अनुभवी संग्राहक ती हातातही घेत नाही.

नोकरीनिमित्त हेलसिंकीत राहायला आल्यापासून माझा हा छंद स्वस्तात पडू लागला. फिनलंड 1809 पासून 1917 पर्यंत झारच्या सत्तेखाली होता, शहरात रशियन लष्कराची मोठी छावणी होती, आणि त्या काळाचा गाळ अजून घरोघरीच्या खणांतून निघतो. हिएतालाहतीच्या चौकात उन्हाळ्यात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे कपबश्या, लोकरीचे हातमोजे आणि रेडिओ यांच्या शेजारी एखाद्या बिस्किटांच्या डब्यात कोपेक आणि फिनलंडचे पेन्नी एकत्र पडलेले असतात. सामान्य सालाचे, झिजलेले नाणे साध्या कॉफीच्या दरात मिळते. विकणाऱ्याला त्यात फारसा रस नसतो, आणि ते माझ्या दृष्टीने उत्तमच. कारण जिथे विकणारा जाणकार असतो तिथे नाणी प्लास्टिकच्या बंद डब्यात, प्रमाणपत्रासह, भलत्याच किमतीला असतात. त्या बंद डब्यांशी माझे जमत नाही. जे नाणे हातोहात फिरावे म्हणून पाडले, ते कधी कोणाच्या हातीच लागले नाही या कारणासाठी दसपट पैसे मोजणे मला पटत नाही.

गरुडाखाली दोन बारीक अक्षरे असतात. ती टांकसाळीच्या अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे. नाण्याच्या वजनाला आणि कसाला तो जबाबदार, म्हणून त्याची खूण. ‘ए’ आणि ‘ब’ असतील तर एलिकुम बाबायान्त्स, ‘व’ आणि ‘स’ असतील तर विक्टर स्मिर्नोव, जो 1913 पासून शेवटपर्यंत होता. दुसऱ्या बाजूला, सालाखाली, सेंट पीटर्सबर्गची तीन अक्षरे असतात. 1914 मध्ये युद्ध सुरू झाल्यावर शहराचे जर्मन वळणाचे नाव बदलून पेट्रोग्राड केले गेले, तेव्हा 1915 पासूनच्या चिल्लरीवरून ही तीन अक्षरे गेली आणि नवी कोणतीच आली नाहीत.

काही नाण्यांवर अधिकाऱ्याचीही अक्षरे नाहीत, आणि माझ्या मते सगळ्या मालिकेतली सर्वांत बोलकी नाणी तीच आहेत. 1861 मध्ये चिल्लरीची टंचाई इतकी होती की सेंट पीटर्सबर्गच्या टांकसाळीला ती पुरवता येईना. तेव्हा दहा, पंधरा आणि वीस कोपेकची नाणी पॅरिस आणि स्ट्रासबुर्ग इथे पाडून घेतली गेली. पाचच वर्षांपूर्वी संपलेल्या क्रिमियन युद्धात फ्रान्स हा शत्रू होता. 1916 मध्ये पुन्हा तीच अडचण आली, आणि दहा व पंधरा कोपेकची नाणी ओसाकाच्या टांकसाळीत तयार झाली, जपानने रशियाचे आरमार बुडवले त्याला जेमतेम अकरा वर्षे झाली होती. दोन्ही वेळा परक्यांनी छापलेल्या नाण्यांवर अधिकाऱ्याची अक्षरे घातली गेली नाहीत. कस तोच आणि चित्रही तेच, पण हमी देणाऱ्याचे नाव नाही. ओसाकाचे पंधरा कोपेक आजही मुबलक मिळते आणि त्याची छपाई इतकी रेखीव आहे की पेट्रोग्राडच्या त्याच सालच्या नाण्याशेजारी ठेवले तर गरुडाची पिसे मोजावीशी वाटतात. सराईत संग्राहक ते ‘नेहमीचे’ म्हणून बाजूला सारतात. मला ते कळत नाही.

नाण्यांना पडलेल्या भोकांबद्दलही माझे त्यांच्याशी जमत नाही. भोक पाडलेले नाणे म्हणजे बाद, असा या व्यवसायातला दंडक आहे. व्होल्गाकाठच्या चुवाश, मारी, मोर्दवा आणि तातार स्त्रिया चांदीची लहान नाणी शिरोभूषणावर आणि छातीवरच्या दागिन्यांत शेकड्यांनी शिवत. चुवाश मुलींची गोल टोपीसारखी ‘तुख्या’ आणि लग्न झालेल्या बायकांचा ‘खुश्पू’ यांवर तर नाण्यांचे खवलेच असतात. व्हेनिसच्या मोहरा आपल्याकडे येऊन पुतळ्यांच्या माळेत ओवल्या गेल्या, त्याच जातीची ही गोष्ट. माझ्याकडच्या एका दहा कोपेकला मुकुटाच्या अगदी वर भोक आहे, म्हणजे ओवणारीने किंमत आणि साल सरळ दिसेल अशी बाजू वर ठेवली होती, आणि गरुड आतल्या अंगाला, कापडावर घासून, जवळजवळ सपाट झाला आहे. राज्यचिन्ह झिजले आणि आकडा शाबूत राहिला. त्या घरात नाण्याकडे कसे पाहिले जात असेल, हे यावरून कळते असे मला वाटते. दुसरे काही कारण असेल तर तेही ऐकायला आवडेल.

अर्ध्या चांदीचा खरा कस लागला तो पहिल्या महायुद्धात. 1914 च्या उन्हाळ्यात कागदी नोटांच्या बदल्यात सोने देणे बंद झाले. सोने आधी गायब झाले, मागोमाग रुबल आणि अर्धा रुबल, आणि 1915 मध्ये वीस, पंधरा, दहा कोपेकही दिसेनासे झाले. टांकसाळ चिल्लर ओतत होती आणि ती जमिनीत मुरावी तशी नाहीशी होत होती. पुस्तकी हिशेबाने हे व्हायला नको होते. ज्या नाण्यात दर्शनी किमतीच्या मानाने इतकी कमी चांदी आहे ते वितळवून कोणाचा फायदा होणार? पण लोक वितळवत नव्हते, दडवत होते. कागदात काहीच नाही आणि नाण्यात निदान निम्मी चांदी आहे, एवढे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. ज्या नाण्यात सरकारने अर्धा शब्द आणि अर्धी चांदी घातली होती, त्यातल्या शब्दाचा भाव उतरल्यावर लोकांनी चांदी धरून ठेवली.

त्यावर सरकारने काढलेला उपाय मी माझ्या संग्रहात नाण्यांशेजारीच ठेवला आहे, जरी तो नाणे नाही. झारच्या रोमानोव घराण्याच्या त्रिशताब्दीनिमित्त 1913 मध्ये निघालेल्या टपाल तिकिटांचे साचे घेऊन, ती जाड कागदावर, डिंक न लावता छापली गेली आणि मागे ‘हे चांदीच्या चिल्लरीच्या बरोबरीने चालते’ अशा अर्थाचा मजकूर टाकला गेला. दहा कोपेकवर निळ्या रंगात दुसरा निकोलस, पंधरावर तपकिरी पहिला निकोलस, वीसवर हिरवट पहिला अलेक्झांडर. चांदीच्या चिल्लरीवर झारचा चेहरा नव्हता, तो अशा रीतीने तिच्या जागी आलेल्या कागदावर अवतरला. माझ्याकडचे वीस कोपेकचे तिकीट चौकोनी घडीवर फाटत आले आहे, कोपरे गोलावले आहेत आणि अलेक्झांडरच्या गालावर कोणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा डाग आहे. नाणे शंभर वर्षांत जेवढे झिजते त्याहून अधिक हे काही महिन्यांत झिजले असावे.

त्याच युद्धाने आपल्याकडची चांदीही आटवली होती. 1917 मध्ये एक रुपयाची नोट आली, 1918 पासून दोन आण्यांचे आणि 1919 पासून चार व आठ आण्यांचे नाणे तांबे-निकेलचे झाले. रुपयाचा कस टिकला तो 1940 पर्यंत. मग तोही बरोबर 500 वर आला. आजीच्या डब्यातले जुने रुपये मोडायला नेले की सोनार साल पाहून त्यांचे दोन ढीग करतो, ते याच कारणाने. हजारात 500 या आकड्याशी मराठी घरांची ओळख अशी जुनी आहे, फक्त रशियात तो त्र्याहत्तर वर्षे आधी आला.

1917 सालची चिल्लर दुर्मीळ आहे, कारण तिचा बराच भाग वितळवला गेला. मार्चमध्ये निकोलसने सिंहासन सोडले, तरी पेट्रोग्राडच्या त्या सालच्या नाण्यांवर गरुडाचे तिन्ही मुकुट जागच्या जागी आहेत. हेलसिंकीच्या टांकसाळीने मात्र त्याच वर्षी 25 आणि 50 पेन्नींच्या चांदीच्या नाण्यांवरून मुकुट काढून टाकले. एकाच सालाची 25 पेन्नींची दोन नाणी, एकावर मुकुटधारी गरुड आणि दुसऱ्यावर बोडका, शेजारी ठेवता येतात, आणि दोन्ही अजून स्वस्त आहेत. कोपेकच्या पेटीत पेन्नी ठेवू नयेत असा माझा नियम होता. या जोडीसाठी मी तो मोडला. बंदरावरच्या बाजारचौकात 1835 सालचा सम्राज्ञीचा स्तंभ आहे. त्याच्या टोकावरचा दोन डोक्यांचा गरुड रशियन खलाशांनी 1917 मध्ये उखडला आणि तो पुन्हा बसायला 1971 साल उजाडले. त्या मानाने टांकसाळीचे काम फारच नेमस्त म्हणायचे.

रशियन नाण्यांचा अभ्यास ज्या कागदपत्रांवर उभा आहे ती गोळा करून छापणारा ग्रँड ड्यूक गिओर्गी मिखाइलोविच हा स्वतः रोमानोव होता. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या नाण्यांची त्याने कारकीर्दवार खंडांत केलेली नोंद अजून वापरात आहे, आणि त्याच्या संग्रहाचा मोठा भाग आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत आहे. जानेवारी 1919 मध्ये त्याला पेट्रोग्राडच्या पीटर-पॉल किल्ल्यात गोळ्या घातल्या गेल्या. 1724 पासून टांकसाळ आहे ती त्याच किल्ल्याच्या आवारात.

नव्या सत्तेने 1921 मध्ये तिथेच पुन्हा चांदीची चिल्लर पाडायला घेतली. दहा कोपेक 1.8 ग्रॅम, पंधरा 2.7, वीस 3.6, कस 500. गरुडाच्या जागी विळा-हातोडा आणि भोवती जगातल्या कामगारांनी एक होण्याची हाक, बाकी हिशेब झारचा. ही नाणी 1924 मध्ये चलनात आली आणि 1930 मध्ये लोकांनी पुन्हा तेच केले : चिल्लर दडवली. या वेळी छापे पडले, अटका झाल्या, आणि 1931 पासून चांदी काढून टाकून तांबे-निकेल आणले गेले. त्या सालची पाडून झालेली चांदीची नाणी जवळजवळ सगळी वितळवली गेली. माझ्या ओळखीतले झारच्या नाण्यांचे संग्राहक 1917 ला पेटी बंद करतात आणि 1921 चे नाणे दाखवले तर नाक मुरडतात. मी वीस कोपेकची 1917 ची रिकामी खोबण तशीच ठेवली आहे, आणि तिच्या लगेच पुढच्या खोबणीत 1921 चे नाणे बसवले आहे. वजनकाट्यावर ते 1915 च्या नाण्याहून वेगळे निघत नाही.